मेडिक्लेम बंद करू का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी भांडुपला राहते, वय ४६. फोर्टमधल्या एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. घरात आम्ही चौघं. मी, मिस्टर (५१), कॉलेजात जाणारा मुलगा (२०) आणि सासूबाई (७३, डायबेटिस आणि बीपी). मिस्टरांची कंपनी गेल्या वर्षी बंद झाली आणि तिथला ग्रुप मेडिक्लेमही त्याबरोबर गेला. २०१९पासून आमची चौघांची एक फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे, पाच लाखांची. तिचा हप्ता दोन वर्षांत ४१ हजारांवरून ६८ हजारांवर गेलाय. क्लेम आजवर एकही केलेला नाही. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, आता सरकारने सगळ्यांना पाच लाख दिलेत, पांढरं रेशनकार्डही चालतं. कशाला पैसे घालवता?" मुलगा म्हणतो, उपचार हा सगळ्यांचा हक्क आहे, सरकारनेच प्रत्येकाला संरक्षण द्यायला हवं. मिस्टर त्यावर चिडतात. म्हणतात, "दारू पिऊन लिव्हर घालवणाऱ्यांची बिलं माझ्या टॅक्समधून कशाला? ज्याने त्याने आपलं बघावं." रोज जेवताना हाच वाद. मला दोन गोष्टी सांगा. पॉलिसी बंद करू का? आणि या बापलेकांत बरोबर कोण?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, नमस्कार.

रिन्युअलची तारीख कुणासाठी थांबत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. पॉलिसी बंद करू नका. तिची रचना मात्र बदला.

२०१९पासून न चुकता भरलेल्या पॉलिसीत जे साठलंय, ते हप्त्याच्या पावतीवर छापलेलं नसतं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. आणि सलग पाच वर्षं पूर्ण झाली की "तुम्ही अमुक आजार लपवला होता" असं म्हणून तिला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. हे दोन्ही टप्पे तुम्ही ओलांडलेत. आज पॉलिसी सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावीशी वाटली, तर मिस्टर ५३ वर्षांचे असतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल. तपासण्या होतील, थांबण्याची मुदत नव्याने लागेल, कंपनी सरळ नकारही देऊ शकेल. क्लेम एकदाही केला नाही म्हणून पैसे वाया गेले असं तुम्हाला वाटतंय, ते मला समजतं. पण आजवर तुम्ही धोक्याची वर्षं पार करून आला आहात, आणि आता त्या पॉलिसीचा खरा उपयोग होण्याच्या वयात शिरताय.

रचना बदला म्हणाले ती अशासाठी, की फॅमिली फ्लोटरचा हप्ता बहुतेक करून घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तुमच्या घरी ते वय ७३ आहे. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाचं संरक्षणही तुम्ही सासूबाईंच्या वयाच्या भावाने विकत घेताय. कंपनीला लेखी विचारा, की सासूबाईंना या पॉलिसीतून काढून त्यांच्या नावावर वेगळी पॉलिसी द्या आणि त्यांनी पूर्ण केलेली थांबण्याची मुदत तशीच पुढे धरा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ईमेलवर उत्तर घ्या. त्यांच्या वेगळ्या पॉलिसीला आणखी एक आधार आहे. जानेवारी २०२५पासून ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. उरलेल्या तिघांच्या पॉलिसीवर पाच लाखांच्या वरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप घ्या. खालचे पाच लाख मूळ पॉलिसी देत असल्याने तो तुलनेने स्वस्त पडतो, आणि मुंबईत आयसीयूचे आठ-दहा दिवस पाच लाखांना पुरतील याची खात्री कुणीच देऊ नये. नव्या नोटिशीत जीएसटी लावलेला दिसला तर जरूर विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी उठवला आहे.

आता सासूबाई. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून बहुधा नसावं. २९ ऑक्टोबर २०२४ला ही योजना सुरू झाली. आधारवर ७० किंवा त्याहून जास्त वय दिसलं की पुरे, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, जुन्या आजारांसह, पहिल्या दिवसापासून. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. आयुष्मान ॲपवर आधारच्या ओटीपीने घरबसल्या होतं, मुलाला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. आपल्या आईच्या, सासूच्या पिढीत अनेकींच्या आधारवर नुसतं वर्षच असतं, तेही अंदाजाने घातलेलं.

तुमचे दीर म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते थोडं नाही. जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबईचे दोन्ही जिल्हे होते. तेव्हा पिवळं आणि केशरी कार्डवालेच पात्र होते आणि मर्यादा होती दीड लाखाची. २०१७मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. १ जुलै २०२४पासून पांढरं कार्ड असलेली कुटुंबंही त्यात आली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली. महाराष्ट्राने केलेली ही मोठी गोष्ट आहे. बायपास, अँजिओप्लास्टी, केमोथेरपी, डायलिसिस यांसाठी दागिने मोडण्याची पाळी आलेली कितीतरी घरं आपण पाहिली आहेत. त्या घरांना आज विचारायला एक दार आहे.

पण योजनेच्या यादीत जे उपचार आहेत, तेवढेच मिळतात. तेही योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच. केईएम, सायन, नायर, जेजे ही आपली मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं त्यात आहेत, पण तिथल्या गर्दीबद्दल मुंबईकराला मी काय सांगावं! मोठ्या खासगी रुग्णालयांपैकी बरीच बाहेर राहतात, सरकारी पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात ही त्यांची तक्रार असते. म्हणून एका शनिवारी हे काम करा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर तुम्ही ज्या दोन-तीन रुग्णालयांत खरोखर जाल, मुलुंड, भांडुप, ठाणे जिथे असतील तिथे, प्रत्यक्ष जाऊन विचारा की महात्मा फुले योजना चालते का, वय वंदना चालतं का. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याच्याकडून कागदपत्रांची यादी घ्या. फोनवर विचारायचं असेल तर १५५३८८. सासूबाईंच्या महिन्याच्या गोळ्या आणि शुगरच्या तपासण्या मात्र यातल्या कशातच बसत नाहीत. त्यासाठी पालिकेचा जवळचा 'आपला दवाखाना' बघा.

आणखी दोन गोष्टी कागदावर लिहून पॉलिसीच्या फाइलला टाचून ठेवा. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याची, मागणी आली की कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचे. डिस्चार्जचा कागद हातात असूनही संध्याकाळपर्यंत बिलिंगच्या काउंटरसमोर बसून राहणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत, आणि हा नियम त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतो. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर ठाणे पश्चिमेला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, भांडुप त्यांच्याच हद्दीत येतं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. आणि ओळखीत कुणाचं उत्पन्न अगदीच कमी असेल तर त्यांना धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांबद्दल सांगा. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायला ही रुग्णालयं कायद्याने बांधलेली आहेत. नाही म्हटलं तर वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं.

आता जेवणाच्या ताटावरचा वाद. ताई, मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे आणि का ते मिस्टरांनाच सांगते. हा भाग त्यांना वाचायला द्या.

दादा, तुमचा राग मी खोटा मानत नाही. नोकरी गेलीय, हप्ता २७ हजारांनी वाढलाय, आणि अशा वेळी दुसऱ्याचं बिल भरायला सांगितलं तर कुणालाही राग येईल. पण तुमची ६८ हजारांची पॉलिसी बघा. तुम्ही सात वर्षं क्लेम केला नाही. मग तुमचे पैसे कुठे गेले? कंपनीचा खर्च आणि नफा वगळला तर ते दुसऱ्या कुणाच्या ऑपरेशनला गेले, आणि त्यात कुणाचं दारूने गेलेलं लिव्हरही असेल. विमा म्हणजे एकमेकांची बिलं भरणंच असतं. तेव्हा दुसऱ्याचं भरायचं की नाही हा प्रश्न उरतच नाही. या टोपलीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आज ते कंपनी ठरवते. आणि तिला दुष्ट म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण ऐच्छिक विम्याचं गणितच तसं आहे. ज्याला आजाराची भीती आहे तो पॉलिसी घेतो, धडधाकट पंचविशीतला मुलगा घेत नाही. त्यामुळे टोपलीत आजारी माणसं जास्त होतात आणि हप्ता वाढतो. हप्ता वाढला की जे त्यातल्या त्यात निरोगी आहेत ते सोडून जातात. तुम्ही या क्षणी नेमका तोच विचार करताय. तुम्ही गेलात की मागे राहिलेल्यांचा हप्ता आणखी चढतो. या चक्रातून वाचायला कंपनी थांबण्याच्या मुदती घालते, जुने आजार वगळते, वय बघून भाव लावते. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला दार अरुंद. तुमच्या आईच्या बाबतीत हेच झालंय. कंपनी बदलून किंवा चांगला एजंट शोधून हे गणित सुटणारं नाही.

तुम्ही हाउसिंग सोसायटीत राहत असाल तर उपविधी काढून बघा. लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा भरायचा, मग कुणी लिफ्ट वापरो न वापरो. तळमजल्यावरचे सभासद दर सर्वसाधारण सभेत कुरकुर करतात. पण फक्त वापरणाऱ्यांनी भरायचं ठरवलं, तर पहिल्या मजल्यावरचे उद्या जिन्याने जायला लागतील, मग दुसऱ्या मजल्यावरचे, आणि शेवटी सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्यावर सगळी लिफ्ट पडेल. आजारपणात तर आणखी एक गोष्ट आहे. आपण आज कोणत्या मजल्यावर राहतोय हे आपल्यालाच माहीत नसतं.

म्हणून सगळ्यांना आत घेणं हाच मार्ग उरतो. अमेरिकेने बरंचसं बाजारावर सोडून बघितलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हा मालकांनी कामगार टिकवायला आरोग्य विमा देऊ केला, आणि विमा नोकरीला बांधला गेला तो आजही बांधलेलाच आहे. नोकरी गेली की विमा गेला. तुमच्या घरी गेल्या वर्षी झालं ते त्यांच्याकडे लाखो घरांत होत आलंय. २०१०च्या कायद्याने २०१४पासून तिथल्या कंपन्यांना जुन्या आजारामुळे कुणाला नाकारायला बंदी केली. आणि त्याबरोबर प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड, अशी अटही घातली, कारण सगळे आत आल्याशिवाय आजाऱ्यांना आत घेणं झेपत नाही हे कायदा करणाऱ्यांना कळत होतं. तो दंड पुढे राजकारणात सापडला आणि २०१९पासून शून्यावर आला. आपण त्या रस्त्याने जावं असं मला वाटत नाही.

थायलंडकडे बघा. २००२पर्यंत त्यांनी ज्यांना कसलंच संरक्षण नव्हतं अशा सगळ्यांना एका योजनेत आणलं. करातून खर्च, आणि रुग्णाने दवाखान्यात फक्त ३० बात (तिथलं चलन) भरायचे. तो काही श्रीमंत देश नव्हता. आधी त्यांनी गावोगावच्या सरकारी दवाखान्यांचं जाळं बांधलं होतं, म्हणून ते जमलं. आणि परदेशाची उदाहरणं नको असतील, तर आपल्याकडेच १९४६ साली आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणालाही पुरेशा उपचारांपासून वंचित राहावं लागू नये. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. २०११मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या समितीने पुन्हा तेच मांडलं. खर्च सर्वसाधारण करांतून करा, सरकारी दवाखाने मजबूत करा आणि मध्ये विमा कंपन्यांना घालू नका, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं.

पैसा कुठून येणार, हे तुम्ही विचाराल आणि विचारायलाच हवं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता, आणि तेही कोविडचं वर्ष. देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. म्हणजे सरकारने खर्च वाढवला की घराघरातला भार हलका होतो. "माझा टॅक्स" म्हणताना हेही लक्षात घ्या की भांडुप स्टेशनबाहेर वडापाव विकणारा माणूस साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी भरतोच. केईएम त्याच्याही पैशांवर चालतं.

तुमच्या मुलालाही एक सांगायचंय. प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं की सगळ्यांना संरक्षण मिळालं, असं होत नाही. खाट हवी, भूलतज्ज्ञ हवा, आणि रुग्णालयाने मनाला येईल तो दर लावता कामा नये. दर ठरवता येत नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याला मे २०२० आठवून दे. महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांना सरकारी दर लावले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. अंमलबजावणीत भोकं होती, जादा बिलांच्या तक्रारी खूप आल्या, पण हिशेब तपासणीसही नेमले गेले. साथ ओसरली आणि आपण सगळे ते विसरलो. माझ्या मते हे विसरणं आपल्याला फार महाग पडतंय. २०२१मध्ये राज्याने शुश्रूषागृहांचे नियम बदलून ठरावीक सेवांचे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक केलंय. तू आईबरोबर त्या शनिवारी फेरी मारशील तेव्हा ते दोन्ही भिंतीवर आहेत का बघ. नसतील तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे. अर्ज मराठीत लिही, छोटा लिही, रुग्णालयाचं नाव आणि तारीख घाल. मागणी करणारी माणसं प्रत्येक वॉर्डात असली तर धोरणं हलतात. राजस्थानने २०२३मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तोही लोकांनी वर्षानुवर्षं मागितला म्हणून.

ताई, रिन्युअलची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. दीड महिन्याहून जास्त वेळ हातात असेल तर दुसऱ्या कंपनीत पोर्टिंगचे, म्हणजे चालू पॉलिसी तिथे हलवण्याचे, दरही मागवा, साठलेली वर्षं तुमच्याबरोबर तिथे जातात. वेळ कमी असेल तर या वर्षी याच कंपनीत सासूबाईंची पॉलिसी वेगळी करून घ्या, हप्ता तारखेच्या आत भरा, आणि पोर्टिंगचं पुढच्या वर्षी बघा. एकरकमी जड जात असेल तर महिन्याच्या किंवा तिमाही हप्त्याची सोय कंपनीत आहे का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. कंपनीचं उत्तर आलं की मला कळवा, आकडे आपण मिळून बघू.